गाय घरात का होती? आयर्लंडच्या गोठ्याची गोष्ट

आजची गोष्ट एका यादीपासून सुरू करते.

साल 1837. आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगॉल नावाची काउंटी आहे. तिथे समुद्रकाठी ग्वीडोर हा खडकाळ आणि पाणथळ भाग. तिथल्या पॅट्रिक मकाय नावाच्या शाळामास्तरांनी लॉर्ड लेफ्टनंटला एक अर्ज पाठवला. लॉर्ड लेफ्टनंट म्हणजे आयर्लंडमधला ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी, आपल्याकडच्या व्हाइसरॉयसारखा. लोकांचे हाल चाललेत, मदत करा, एवढंच मास्तरांना सांगायचं होतं. पण नुसतं रडगाणं गाऊन सरकार ऐकत नाही हे त्यांना ठाऊक असावं. म्हणून त्यांनी सुमारे 4000 माणसांच्या त्या वस्तीत काय काय आहे त्याची मोजदादच लिहून दिली.

गाडी 1. नांगर 1. खुर्च्या 93. टर्की 3. डुक्कर एकही नाही. घोड्यांचे तबेले 2. आणि गोठे 6.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा शेवटच्या आकड्यावर अडले. चार हजार माणसं आणि सहा गोठे? गायी तर या भागात होत्या. बटाटा आणि दूध यांच्यावरच तर तिथला गरीब जगत होता. मग रात्री त्या गायी कुठे असायच्या?

उत्तर सोपं आहे. घरात असायच्या, माणसांबरोबर.

हे सांगितलं की काही जण नाक मुरडतात. तशीच नाकं मुरडलेली मी लहानपणी पाहिली आहेत. मी वाढले बडोद्यात. आजोळ कोल्हापूर जिल्ह्यातलं. आजीच्या घरात दारातून आत शिरलं की पहिल्याच खणात म्हैस आणि दोन बैल बांधलेले असायचे आणि त्यांच्या बाजूने वाट काढून आपण सोप्यात जायचं. एकदा शाळेतली मैत्रीण सुट्टीत माझ्याबरोबर आली आणि बडोद्याला परतल्यावर तिने वर्गात सांगितलं, "हिच्या घरात जनावरं राहतात." सगळे हसले. मी पण हसले. त्या हसण्याची लाज मला पुढे खूप वर्षांनी वाटली. आयर्लंडच्या गोठ्याकडे मी वळले ती तिथून.

एका छपराखाली

आधी ते घर डोळ्यांसमोर आणू या. पश्चिम आणि वायव्य आयर्लंडमधलं, विशेषतः डोनेगॉल आणि मेयो भागातलं. लांबट, एका खोलीच्या रुंदीचं, दगडी भिंतींचं, वर गवताचं छप्पर. आत आडवी भिंत बहुतेक वेळा नाहीच. जमिनीला हलका उतार दिलेला. वरच्या अंगाला चूल आणि माणसं, खालच्या अंगाला गायी. मध्ये एक दगडी नाली, शेण-मूत वाहून जायला. पुढच्या आणि मागच्या भिंतीत समोरासमोर दोन दारं. गाय एका दाराने आत यायची आणि दुसऱ्याने बाहेर पडायची, म्हणजे तिला आत वळवत बसायला नको.

चुलीत लाकूड नसे, कारण जंगलं केव्हाच संपली होती. दलदलीतून कापून वाळवलेलं पीट जाळायचे. ती आग रात्री राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी पुन्हा फुलवत. गायीला आग दिसली पाहिजे, आग दिसली की ती दूध जास्त देते, असं तिथली माणसं मानायची. समजुतीचा भाग बाजूला ठेवा, पण ओल्या वाऱ्यापावसात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गायीपेक्षा उबेत उभी राहिलेली गाय कमी चाऱ्यावर तग धरते, हे कुठलाही गवळी सांगेल. आणि ऊब काही एकतर्फी नसते. गायीच्या अंगाची ऊब माणसांनाही मिळायची.

कोंबड्यांची सोय तर आणखी मजेची. स्वयंपाकघरात भांड्यांची उभी मांडणी असते ना, तशी लाकडी मांडणी तिथेही असे. वरच्या फळ्यांवर ताटल्या, आणि खालच्या भागाला गज लावून कोंबड्यांचं खुराडं! हिवाळ्यात उबेला ठेवलेली कोंबडी अंडी लवकर धरते, हा हिशोब. अंड्यांचे पैसे बाईच्या हातात यायचे आणि त्यातून चहा-साखर यायची, म्हणून ही मांडणी तिच्या राज्यातली वस्तू.

दारासमोर शेणाचा उकिरडा. तोही प्रवाशांना खुपायचा. पण खताशिवाय बटाटा येत नाही आणि बटाट्याशिवाय माणूस जगत नाही. उकिरडा म्हणजे पुढच्या वर्षीचं जेवण. ते नजरेसमोर ठेवणार नाहीत तर काय करतील?

ज्या देशात गोठाच लागत नव्हता

आता हजार वर्षं मागे जाऊ. कारण ही घरं पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला की हे लोक पहिल्यापासूनच असे, यांना गोठा बांधायचं सुचतच नाही. इतिहास काय सांगतो?

बीड नावाचा इंग्लंडमधला संन्यासी इतिहासकार. त्याने साधारण 731 मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात आयर्लंडबद्दल लिहिलं आहे की तिथे हिवाळा इतका सौम्य असतो, की कुणी उन्हाळ्यात गवत कापून साठवत नाही आणि जनावरांसाठी निवारेही बांधत नाही. बर्फ पडलंच तर तीन दिवसांपलीकडे क्वचित टिकतं. थोडी अतिशयोक्ती धरली तरी मुद्दा खरा आहे. आयर्लंडला समुद्राची ऊब आहे आणि गवत तिथे जवळजवळ वर्षभर हिरवं असतं.

मग गोठे माहीतच नव्हते का? होते. आठव्या शतकाच्या सुमाराचा 'क्रिथ गॉब्लाख' नावाचा आयरिश कायद्याचा ग्रंथ आहे. समाजात कुणाचा दर्जा काय आणि तो कशावरून ठरतो, हे त्यात सांगितलं आहे. त्यात 'बोअरा' म्हणजे गायींचा धनी, चांगला सुखवस्तू शेतकरी. त्याच्या वाड्यात राहतं घर, बाजूची खोली, धान्य वाळवायची भट्टी आणि कोठार यांच्याबरोबर मेंढ्यांचा वाडा, वासरांचा वाडा आणि डुकरांचा वाडा वेगवेगळा असला पाहिजे, असं त्यात मोजून दिलं आहे. म्हणजे जनावरांना वेगळी जागा देण्याची कल्पना तिथे बाराशे वर्षांपूर्वीची आहे. ज्याच्याकडे होतं, तो देत होता.

त्या समाजात गाय म्हणजे पैसाच. दंड गायींत, हुंडा गायींत, माणसाची किंमत गायींत. भाषेत तर गाय जागोजागी बसलेली आहे. आयरिश भाषेत गायीला 'बो' म्हणतात. आपल्या 'गो'ची ती दूरची बहीण, एकाच मूळ शब्दातून दोघी आल्या. रस्त्याला 'बोहर' म्हणतात, त्यातही तीच गाय. साधारण 900 सालच्या, कॉर्मकच्या नावावर असलेल्या शब्दकोशात रस्त्याची रुंदी सांगितली आहे: दोन गायी मावल्या पाहिजेत, एक लांबीत उभी आणि एक आडवी. आणि मुलगा या अर्थाचा 'बुअखिल' हा शब्द मुळात गुराखी. आपल्या 'गोठा' शब्दाच्या पोटात 'गोष्ठ' आहे, म्हणजे गायींची उभी राहायची जागा. दोन टोकांचे दोन देश, पण शब्दांचं दावण एकच.

उन्हाळ्याचं घर

गाय नुसती एका जागी बांधून ठेवायची गोष्ट नव्हती. 1 मे म्हणजे तिथला बेलतेन सण. तेव्हा गुरं डोंगरावर न्यायची आणि 1 नोव्हेंबरच्या साविन सणापर्यंत खाली आणायची. वरच्या कुरणातल्या वस्तीला 'बुअला' म्हणत, इंग्रजीत त्याचं 'बूली' झालं. दगड आणि हिरवळीच्या मातीचे थर रचून केलेल्या लहान झोपड्या. तिथे बहुतेक मुली आणि तरुण पोरं राहत, गायींची धार काढत, लोणी करत आणि ते खाली पोचवत. तेवढ्या काळात खालच्या शेतात पीक उभं असे. कुंपणं नसलेल्या गावात गुरं वर गेली की पीक आपोआप वाचत होतं.

डोंगर सगळ्या गावाचा. मग कुणी किती गुरं सोडायची? त्यासाठी 'कॉलप' नावाचं माप होतं. एक मोठी गाय म्हणजे एक वाटा, घोड्याला त्याहून जास्त, आणि काही मेंढ्या मिळून एक गाय. ज्याचा जितका वाटा, तितकी त्याची जनावरं. कुठल्याही सरकारी कचेरीशिवाय गावच हे पाळत होतं.

राज्यकर्त्यांना हे फिरणं आवडत नव्हतं. एडमंड स्पेन्सर हा इंग्रज कवी आयर्लंडमध्ये अधिकारी होता. त्याने 1596 च्या सुमारास लिहिलं की या डोंगरी वस्त्यांत चोर-बंडखोरांना आसरा मिळतो, ही चाल मोडली पाहिजे. गुरांमागे फिरणारा माणूस कर-वसुलीच्या वहीत सापडत नाही, हे दुखणं आपल्यालाही अनोळखी नाही.

मुलांनी लिहून ठेवलेला गोठा

आतापर्यंत बाहेरच्यांनी काय लिहिलं ते पाहिलं. पण घरातल्या माणसांचं म्हणणं? ते सापडतं एका विलक्षण दफ्तरात. 1937 ते 1939 या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने स्वतंत्र आयर्लंडच्या 26 काउंटींतल्या प्राथमिक शाळांना कामाला लावलं. सुमारे 5000 शाळा. वरच्या वर्गांतल्या मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. त्यांना दिलेल्या विषयांत एक विषय होता, 'शेतातल्या जनावरांची निगा'.

काय लिहिलंय त्या मुलांनी? गायींची नावं. पाठीवर पांढरा पट्टा असलेली ती ड्रिमिन, शिंगं नसलेली ती मोइली. म्हणजे आपली ढवळी आणि भुंडी. गायीला मानेत साखळी किंवा दोर घालून खुंटाला कसं बांधायचं. धार काढताना मागच्या पायांना पायबंद कसा घालायचा. कुणाला काय म्हणून हाक मारायची: वासराला 'सुक सुक', कोंबड्यांना 'च्युक च्युक', डुकराला 'मुक मुक'. आपल्याकडे कुत्र्याला 'यू यू' करतात ना, तसंच. जनावराची भाषा वेगळी असते आणि ती घरातलं सगळ्यात लहान पोरही बोलतं.

31 जानेवारीच्या रात्री, म्हणजे संत ब्रिजिटच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, लव्हाळ्याचा क्रूस विणायचा. एक घरात लावायचा आणि एक गोठ्यात. ब्रिजिट ही दूधदुभत्याची राखणदार. गाय व्याली की मंत्रून आणलेली मेणबत्ती लावून तिच्या कासेवरचे केस जरासे भुरभुर जाळायचे, शेपटीला लाल चिंधी बांधायची, दृष्ट लागू नये म्हणून. पहिल्या चिकाचे चार थेंब जमिनीवर सोडायचे, डोंगरातल्या अदृश्य लोकांसाठी. हे वाचताना मला आजीची आठवण आली. खरवस करायच्या आधी थोडा चीक ती देवापुढे ठेवायची.

आणि 1 मेला घरातून दूध किंवा विस्तव कुणालाही द्यायचा नाही. दिला तर वर्षभराचं लोणी त्याच्या मागे निघून जातं. तुम्ही म्हणाल अंधश्रद्धा. असेल. पण ज्या घराचं सगळं वर्ष एका गायीच्या कासेवर टांगलेलं आहे, त्या घराची भीती कशी दिसते, ते यात दिसतं.

भाडं भरणारं डुक्कर

आता कळीच्या प्रश्नाकडे येऊ. वेगळा गोठा का बांधला नाही?

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आयर्लंडची बहुतेक जमीन जमीनदारांची होती. कूळ कसायचं आणि भाडं भरायचं. घरातलं सगळं या भाड्याभोवती फिरत होतं. बटाटे आणि ताक घरच्यांनी खायचं. लोणी विकायचं. सालं आणि बारीक बटाटे डुकराला घालायचे, आणि डुक्कर पोसलं की बाजारात नेऊन भाडं द्यायचं. म्हणून डुकराला 'भाडं भरणारे साहेब' असं नाव पडलं. ते चुलीजवळ लोळत होतं याचं कारणही तेच. ते मेलं तर घर जाईल. इंग्लंडच्या 'पंच'सारख्या विनोदी नियतकालिकांनी मात्र आयरिश माणूस आणि डुक्कर यांची जोडी रंगवून रंगवून लोकांना हसवलं.

आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ 1776 पासून आयर्लंडभर हिंडला. झोपड्यांत पोरं, गायी आणि डुकरं एकत्र पाहून त्यालाही धक्का बसला. पण तो डोळे उघडे ठेवणारा माणूस होता. याच घरांत बटाटा आणि दूध पोटभर मिळतं आणि मुलं धट्टीकट्टी दिसतात, हेही त्याने नोंदवलं.

आता कायदा बघा. बहुतेक कुळांकडे पक्का करार नव्हता. उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये रूढीने थोडं संरक्षण होतं, बाकी देशात तेही नाही. कुळाने स्वतःच्या घामाने गोठा बांधला, तर तो जमीनदाराच्या मालकीचा. जागा सुधारली म्हणून भाडं वाढवायलाही तो मोकळा. कुळाला हाकललं तर गोठ्याचा एक पैसा मिळायचा नाही. भाडं थकलं की गुरं जप्त होऊन कोंडवाड्यात जायची. अशा वेळी गोठा बांधेल कोण? 1841 च्या जनगणनेत 13 लाखांहून अधिक घरांपैकी सुमारे 4 लाख 91 हजार घरं सगळ्यात खालच्या, चौथ्या दर्जाची होती. म्हणजे मातीची एकखणी झोपडी. आधी माणसालाच दुसरी खोली नव्हती.

आपल्या ग्वीडोरची जमीन 1838 पासून लॉर्ड जॉर्ज हिल या जमीनदाराने विकत घ्यायला सुरुवात केली. 1845 च्या पुस्तकात त्याने लोकांच्या सामायिक वहिवाटीची खिल्ली उडवणारा एक किस्सा दिला आहे. तिघांचा मिळून एक घोडा. प्रत्येकाने एकेका पायाला नाल ठोकला, चौथा पाय कुणाचाच नाही, म्हणून घोडा लंगडा. किस्सा झकास आहे. पण सांगणारा कोण आहे तेही बघायचं असतं. हिलला ही वहिवाट मोडून जमीन नव्याने आखायची होती. मला त्या किश्शात दिसतात ती एक अख्खा घोडा न परवडणारी तीन घरं.

त्याच 1845 मध्ये बटाट्यावर करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. बटाटा गेला तसं डुक्करही गेलं. 1841 मध्ये डुकरं 14 लाखांच्या आसपास होती, 1847 मध्ये सव्वासहा लाखांच्या आत आली. भाडं भरणारे साहेबच उरले नाहीत. घरं पाडली गेली, आणि रिकाम्या जमिनीवर मोठ्या चराऊ फार्मांची गुरं आली. 1841 मध्ये माणसं सुमारे 82 लाख आणि गुरं साडेअठरा लाखांच्या वर. 1901 मध्ये माणसं साडेचव्वेचाळीस लाख आणि गुरं 46 लाखांहून जास्त. माणसांपेक्षा गुरं जास्त झाली. ज्या लोकांना गायीबरोबर झोपतात म्हणून हसलं गेलं, त्यांना आता गायीसाठी हलवलं गेलं.

गाय बाहेर कधी गेली?

1870 च्या कायद्याने कुळाला त्याने केलेल्या सुधारणांची भरपाई मान्य केली. मग आलं जमिनीचं आंदोलन. 1880 मध्ये मेयो काउंटीत कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर लोकांनी असा बहिष्कार टाकला, की त्याचं नावच जगाच्या कोशात गेलं. 1881 च्या कायद्याने रास्त भाडं आणि कुळाचा टिकाव आला. 1903 च्या कायद्याने कुळांना जमीन विकत घेण्याची वाट रुंद झाली.

1891 मध्ये पश्चिमेच्या गरीब भागांसाठी एक सरकारी मंडळ नेमलं गेलं. काही वर्षांनी त्याने घर सुधारायला, स्वतंत्र गोठा बांधायला आणि उकिरडा दारापासून लांब न्यायला लहान लहान अनुदानं दिली. मेहनत शेतकऱ्याची, थोडा पैसा मंडळाचा. आणि गाय बाहेर गेली. सगळीकडे एकदम नाही, 1930 च्या दशकातही अभ्यासकांना अशी घरं पाहायला मिळाली. पण गेली. ज्यांना गोठा बांधायचं सुचत नाही म्हणत होते, त्यांनीच जमीन आपली झाल्यावर गोठे बांधले.

आज मेयोच्या किनाऱ्याला लागून असलेल्या ॲकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ओस पडलेलं एक गाव आहे. छपरं गेलेली, दगडी भिंतींची 80 ते 100 घरं ओळीने उभी. गाव म्हणून उठल्यावरही काही घरं उन्हाळ्यात बुअला म्हणून वापरली जात होती. काही घरांत जनावरं बांधायच्या जागेच्या खुणा अजून दिसतात. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला गाय.

आजीच्या घरातला तो पहिला खण आता नाही. मामाने मागे सिमेंटचा गोठा बांधला, जमीन त्याच्या नावावर झाल्यावर. आजी होती तोवर रात्री एकदा उठून मागे जाऊन म्हशीवर हात फिरवून यायची. म्हणायची, "पूर्वी हितनंच ऐकू यायचं, कसं श्वास घेतीया ते."

मंडळी, कुणाच्या घरात जनावर दिसलं तर हसण्याआधी एक प्रश्न विचारा: या घराला दुसरी भिंत बांधू कुणी दिली नाही?